चांदीवरची काच

नॉर्वेमध्ये बनलेले चांदीचे एक जुने ब्रोच डोळ्यांसमोर आणू. आकार झाडाच्या पानाचा, लांबी बोटभर. पानाच्या शिरा ठसठशीत आहेत आणि त्यांच्यावर गडद निळ्या रंगाचा नितळ, पारदर्शक थर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत असे दागिने तेथे मोठ्या संख्येने बनले, आणि आज जगभरचे संग्राहक ते आवडीने जमवतात. जाणकार माणूस असा दागिना हातात घेतला की प्रथम उलटा करून पाहतो. पाठीवर बारीक अक्षरे ठोकलेली असतात: पेढीची खूण, देशाचे नाव आणि '९२५ एस' हा आकडा. 'एस' हे नॉर्वेजियन भाषेतील चांदी या शब्दाचे आद्याक्षर. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी; उरलेले ७५ भाग बहुधा तांबे.

येथे एक प्रश्न पडतो. त्याच देशातला, त्याच काळातला चांदीचा साधा चमचा उलटून पाहिला तर त्यावर पुष्कळदा '८३० एस' असा आकडा आढळतो. नॉर्वेच्या कायद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ८३० ही किमान शुद्धता ठरवून दिली होती आणि बरेचसे कारागीर तेवढ्यावर भागवत. मग मीनाकाम केलेल्या दागिन्यातच जास्त चांदी का? १९०० च्या आसपासच्या कित्येक मीनाकामाच्या वस्तूंवर तर '९३० एस' असा आकडा मिळतो. दागिन्याचा मान मोठा म्हणून चांदी जास्त, असे उत्तर कोणीही चटकन देईल. खरे उत्तर मात्र भट्टीत दडलेले आहे. त्याचा माग काढू लागलो की धातुशास्त्र, रसायन आणि एका लहान देशाची घडण, असे तिन्ही धागे हाती येतात.

काच धातूला कशी धरते?

मीना, म्हणजेच एनॅमल, हा नेहमीच्या अर्थाने रंग नव्हे. ती काच आहे. जयपूरचे मीनाकाम, स्वयंपाकघरातली इनॅमलची ताटली, जुन्या रस्त्यांवरच्या निळ्या पाट्या, या सर्वांचे तत्त्व एकच. वाळूतील सिलिका, सोडा किंवा पोटॅश, टाकणखार आणि पूर्वीच्या काळी शिशाचे ऑक्साइड एकत्र वितळवून सहज वितळेल अशी काच तयार करतात. तिच्यात थोडेसे धातूचे ऑक्साइड मिसळले की रंग येतो. थंड झालेली काच खलात पाण्याबरोबर वाटून तिचा बारीक चुरा करतात. हा ओला चुरा धातूच्या पृष्ठभागावर पसरून वाळवतात आणि वस्तू भट्टीत ठेवतात. चांदीच्या बाबतीत भट्टीचे तापमान साधारण ७५० ते ८२० अंश सेल्सियस आणि वेळ एक-दोन मिनिटे. तेवढ्यात चुरा वितळून एकजीव होतो. वस्तू बाहेर काढायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा थर द्यायचा, पुन्हा भाजायचे, असे चार-पाच वेळा करावे लागते.

खरी कसोटी थंड होताना लागते. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. चांदी दर अंशाला लांबीच्या दशलक्षांश सुमारे १९ भागांनी वाढते. मीन्याची काच त्याहून कमी. त्यामुळे थंड होताना धातू जास्त आक्रसतो आणि वरच्या काचेला चोहोंकडून दाबतो. काच ताण सहन करीत नाही, पण दाब चांगला सोसते. म्हणून हा फरक माफक असला तर तो काचेच्या पथ्यावरच पडतो. तो फार झाला तर मात्र काच टवके होऊन उडते.

धातूचा पत्रा पातळ असेल तर आणखी एक अडचण येते. शाळेतील द्विधातू पट्टी तापवली की जशी वाकते, तसाच एका बाजूला काच लावलेला पत्रा थंड होताना वाकतो. यावर कारागिरांनी दोन उपाय शोधले. एक म्हणजे पत्र्याच्या पाठीवरही मीन्याचा थर द्यायचा, म्हणजे दोन्ही बाजूंचा ओढा सारखा होतो. दुसरा म्हणजे पत्र्याला किंचित फुगवटा द्यायचा, कारण फुगीर पत्रा सहजी वाकत नाही. पाने आणि फुलपाखरांचे पंख या दागिन्यांत सपाट न दिसता हलकेच उंचावलेले दिसतात. त्यात सौंदर्यदृष्टी आहे, तशी ही सोयही आहे.

८३० आणि ९२५

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते आणि शुद्ध तांबे १०८५ अंशांना. दोन्ही मिसळली तर मिश्रण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी वितळेल, असा आपला अंदाज. प्रत्यक्षात तसे होत नाही. ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे यांचे मिश्रण ७७९ अंशांनाच वितळते.

हे चमत्कारिक वाटले तरी याचा अनुभव आपण हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटात घेतलेला असतो. बर्फ शून्य अंशाला वितळतो, मीठ ८०१ अंशांना. पण बर्फात खडे मीठ घातले की मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. एकमेकांच्या सहवासात दोन्ही पदार्थ लवकर वितळतात. धातूंना डाख देण्याचे सगळे शास्त्र याच गुणावर उभे आहे. अशा सर्वांत कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रणाला शास्त्रात 'युटेक्टिक' म्हणतात.

८३० शुद्धतेच्या चांदीत १७ टक्के तांबे असते. घन चांदी आपल्यात जास्तीत जास्त नऊ टक्क्यांच्या आसपास तांबे सामावून घेऊ शकते, आणि तेही भट्टीच्या तापमानालाच. त्याहून जास्तीचे तांबे कणाकणांनी वेगळे राहते आणि ७७९ अंशांना आजूबाजूच्या चांदीसह वितळू लागते. हिशेब केला तर ८३० च्या चांदीचा साधारण चाळीस टक्के भाग या तापमानाला द्रवरूप होईल. म्हणजे काच नीट वितळण्याच्या सुमारास तिच्याखालचा दागिनाच पाझरू लागणार! ९२५ च्या चांदीत तांबे साडेसात टक्के, म्हणजे सामावले जाईल इतकेच. ती सुमारे ८०० अंशांपर्यंत घन राहते. हा वीसेक अंशांचा फरक कारागिराला पुरतो. अर्थात तोही फार मोठा नाही, म्हणूनच भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाची नजर सेकंदभरही ढळून चालत नाही.

तांब्याचा आणखी एक त्रास आहे. तापल्यावर चांदी हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावत नाही, तांबे पावते. त्यामुळे मिश्र चांदीवर राखाडी-तांबूस डाग पडतात. अपारदर्शक मीन्याखाली ते लपले असते. पारदर्शक काचेखाली ते उघडे पडतात. म्हणून कारागीर आधी नुसता धातू तापवून सौम्य गंधकाम्लात बुडवतात. पृष्ठभागावरचे तांबे आम्लात निघून जाते आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीची साय उरते. मग सरळ शुद्ध चांदीच का घेत नाहीत? कारण ती फार मऊ. रोज वापरायचा दागिना तिचा केला तर तो दबेल, झिजेल. ९२५ हा आकडा म्हणजे टणकपणा आणि उष्णता सोसण्याची ताकद यांच्यातला तह आहे.

रंगांचे रसायन

या दागिन्यांत निळा आणि हिरवा रंग इतका का दिसतो, याचेही उत्तर काही अंशी चांदी देते. पारदर्शक काचेतून आत शिरलेला प्रकाश चांदीवरून परततो आणि पुन्हा काचेतून बाहेर येतो. चांदी ही दृश्य प्रकाश सर्वांत चांगला परावर्तित करणारी धातू. निळी-हिरवी काच तिच्यावर झळाळून उठते. चांदीवर बारीक लाटा किंवा शिरा कोरल्या असतील तर काचेची जाडी जागोजागी बदलते. खोलगट जागी रंग गडद, उंचवट्यावर फिका. खरादासारख्या यंत्रावर अशी नक्षी कोरण्याची कला सेंट पीटर्सबर्गच्या फाबर्जे यांच्या कार्यशाळांमुळे विशेष गाजली. पुढे नॉर्वेत पानाच्या शिरा पुष्कळदा ठशाने दाबून उमटवल्या जाऊ लागल्या. त्यामुळे दागिना स्वस्त झाला आणि प्रकाशाचा खेळ कायम राहिला.

लाल रंग मात्र चांदीवर रुसतो. सोन्याच्या सूक्ष्म कणांनी लाल झालेली पारदर्शक काच चांदीला थेट भिडली की चांदीचे आयन काचेत शिरतात आणि पिवळट-तपकिरी छटा येते. युरोपातील मध्ययुगीन चर्चच्या खिडक्यांत हाच गुण पिवळ्या रंगासाठी मुद्दाम वापरलेला आहे. मीनाकारांना मात्र तो नको असतो, म्हणून ते आधी रंगहीन काचेचा एक थर देतात.

रंगांच्या या रसायनात स्कँडिनेव्हियाचा वाटा मोठा आहे. काचेला निळा रंग देणारे खनिज शतकानुशतके वापरात होते, पण तो रंग बिस्मथमुळे येतो असा समज होता. स्वीडनचे गेओर्ग ब्रांट यांनी १७३० च्या दशकात दाखवून दिले की यामागे एक निराळीच, तोवर अज्ञात असलेली धातू आहे. ती कोबाल्ट. १७७० च्या दशकात नॉर्वेतील मोडुम येथे राजसत्तेने कोबाल्टपासून निळा रंग काढण्याचा कारखाना उभारला. त्याच्या ब्लोफार्वेवेर्के या नावाचा अर्थच 'निळ्या रंगाचा कारखाना' असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील निळा रंग जगभरच्या काच आणि चिनी मातीच्या कारखान्यांत जात असे. १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस यांना सेलेनियम सापडले आणि त्याच वर्षी जर्मनीत स्ट्रोमायर यांना कॅडमियम. विसाव्या शतकात हीच दोन मूलद्रव्ये गंधकासह एकत्र येऊन मीन्याचा भडक, अपारदर्शक लाल-नारिंगी रंग देऊ लागली.

दिवसाचा प्रकाश

ही कला नॉर्वेत बहरली तो काळही लक्षात घेतला पाहिजे. १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या सत्तेखाली होता आणि त्यानंतर १९०५ पर्यंत स्वीडनच्या राजाखाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'आपले काय?' हा प्रश्न तेथील लेखक, चित्रकार आणि कारागीर सर्वच विचारीत होते. १८८० साली गोकस्ताद येथे व्हायकिंग काळातील एक मोठे जहाज उत्खननात मिळाले आणि या प्रश्नाला दृश्य रूप आले. व्हायकिंग जहाजाच्या आकाराची चांदीची मीठदाणी, सर्पमुखी हातांचे पेले, अशा वस्तू बनू लागल्या.

त्या वेळच्या दोन पेढ्यांची नावे महत्त्वाची आहेत. याकोब तोस्त्रुप यांनी १८३२ साली ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, आपली पेढी सुरू केली. डेव्हिड अँडरसन यांची पेढी १८७६ ची. तोस्त्रुप यांच्या पेढीचे तोरोल्फ प्रित्झ हे वास्तुविशारद होते, तर अँडरसन यांच्याकडे बोहेमियातून आलेले गुस्ताव गाउडरनाक नक्षीकार म्हणून काम करीत. १९०० साली पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेचे मीनाकाम लोकांच्या नजरेत भरले. त्यात एक प्रकार विशेष होता. त्याचे फ्रेंच नाव 'प्लिक-आ-जूर'. दिवसाचा प्रकाश आरपार जाऊ देणारे काम, असा त्याचा आशय.

या कामात काचेमागे धातू नसतेच. चांदीच्या तारेची जाळी करायची आणि तिची घरे काचेने भरायची. चर्चच्या रंगीत खिडकीची ही हातात मावणारी आवृत्ती. मागे आधार नसताना काच खाली का पडत नाही? साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या तारेच्या कड्यात पापुद्रा जसा धरून राहतो, तसाच ओला चुरा लहान घरात पृष्ठताणाने टिकतो, आणि वितळलेली काचही त्याच बळावर अधांतरी राहते. घर फार मोठे झाले तर ती गळून पडते. काही कारागीर मागे अभ्रकाचा किंवा तांब्याचा तात्पुरता आधार देऊन नंतर तो काढून टाकीत. नॉर्वेतील खेड्यापाड्यांत पारंपरिक पोशाखावर 'सोल्ये' नावाचे तारकामाचे ब्रोच घालण्याची जुनी रीत होती. बारीक तार वळवणारे हात तेथे तयारच होते. नव्या मीनाकामाला त्यांचा फार उपयोग झाला. बर्गनच्या मारियस हामर यांच्यासारख्या कारागिरांचे मीनाकामाचे चमचे फ्योर्ड पाहायला येणारे प्रवासी आठवण म्हणून घेऊन जात.

एका फुलाची गोष्ट

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्क आणि नॉर्वेत शिरल्या. डेन्मार्क काही तासांतच शरण गेला. त्यानंतर एका आठवड्याने, १६ एप्रिलला, कोपनहेगनमध्ये राजपुत्र फ्रेडरिक आणि इन्ग्रिड यांना मुलगी झाली. तिचे नाव मार्ग्रेथे. इन्ग्रिड यांच्या दिवंगत आईचे नाव मार्गारेट, आणि घरात त्यांना 'डेझी' म्हणत. पिवळ्या गाभ्याच्या आणि पांढऱ्या पाकळ्यांच्या या फुलाला डॅनिश भाषेतही मार्ग्रेथेशी जुळणारेच नाव आहे. कोपनहेगनच्या ए. मिकेलसन या जुन्या पेढीने राजकन्येच्या जन्मानिमित्त त्याच वर्षी चांदीवर पांढऱ्या मीन्याचे डेझीचे फूल घडवले. परकी फौज रस्त्यात उभी असताना छातीवर लावलेले हे फूल निव्वळ शोभेचे कसे राहील? त्याच वर्षी सप्टेंबरात राजे दहावे ख्रिस्तियन सत्तर वर्षांचे झाले. त्यानिमित्त जॉर्ज जेन्सन यांच्या पेढीने काढलेले राजाच्या आद्याक्षरांचे छोटे बिल्लेही लोकांनी असेच लावले. मार्ग्रेथे पुढे १९७२ साली राणी झाल्या आणि १४ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी पद सोडले. डेझीचे दागिने अजूनही बनतात.

या फुलात विज्ञानाचे दोन धडे आहेत. पाकळ्यांचा पांढरा रंग हा खरे तर रंगच नाही. काचेत सहजी न विरघळणारे कथलाचे ऑक्साइड अतिसूक्ष्म कणांच्या रूपात पसरलेले असते आणि ते सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरते. दूध आणि ढग पांढरे दिसतात तेही विखुरण्यामुळेच. दुसरे म्हणजे चांदीच्या उघड्या भागावरचा सोन्याचा मुलामा. मीना भाजून झाल्यावर दागिना विद्युत्-विलेपनाच्या द्रावणात बुडवला की सोने फक्त धातूवर बसते. काच वीजवाहक नसल्याने पाकळ्या पांढऱ्याच राहतात. निसर्गाने आपोआप आखून दिलेली ही सीमारेषा हाताने इतकी नेटकी आखता आली नसती.

कार्यशाळेतून प्रयोगशाळेत

युद्धानंतर या कलेला नवे वळण देणारी व्यक्ती तोस्त्रुप घराण्यातीलच होती. ग्रेटे प्रित्झ (१९१७–२०१०) या तोरोल्फ प्रित्झ यांच्या नात. पुढे त्या ग्रेटे प्रित्झ किट्टेल्सन या नावाने ओळखल्या गेल्या. १९४९-५० मध्ये त्यांनी शिकागोच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन'मध्ये शिक्षण घेतले. परतल्यावर त्यांनी ऑस्लोतील औद्योगिक संशोधनाच्या मध्यवर्ती संस्थेशी सहकार्य सुरू केले. मीना हे पिढीजात हातगुणाचे काम. कोणता रंग कोणत्या भट्टीत किती वेळ, हे कारागिराच्या डोक्यात आणि हातात असे. त्या ज्ञानाला प्रयोगशाळेची जोड मिळाली. मोठ्या पृष्ठभागावर मीना चढवणे, तो टिकाऊ करणे आणि तोच रंग पुन्हापुन्हा हुकमी मिळवणे, हे प्रश्न कलाकार व शास्त्रज्ञ एकत्र बसून सोडवू लागले.

त्यातून निघालेल्या वस्तूंवर ड्रॅगन नव्हते, फुले नव्हती. साधे वर्तुळ, उथळ वाटी, एकच नितळ रंग. १९५२ साली ग्रेटे यांना स्कँडिनेव्हियातील नामांकित 'लुनिंग' पुरस्कार आणि १९५४ साली मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पण आम्हांला त्यांचे मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत वाटते. चांगली वस्तू सामान्य माणसाला परवडली पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. त्यांनी चांदी-मीन्याच्या साध्या अंगठ्या घडवल्या. नंतर काथरिनेहोल्म या कारखान्यासाठी त्यांनी इनॅमलच्या पोलादी भांड्यांचे आकार तयार केले. त्या भांड्यांवरची प्रसिद्ध कमळपाकळ्यांची नक्षी आर्ने क्लाउसन यांची. राजवाड्यातला मीना अशा रीतीने स्वयंपाकघरात आला.

वर्गात काय करता येईल?

टाकणखाराच्या मण्याची कसोटी आपल्या परिचयाची आहे. प्लॅटिनमच्या तारेच्या कड्यात टाकणखार वितळवून काचेसारखा मणी करायचा, त्याला क्षाराचा कण लावायचा आणि पुन्हा ज्योतीत धरायचा. कोबाल्टने मणी गडद निळा होतो, क्रोमियमने हिरवा, मँगनीजने जांभळट. ही पद्धत रुजवण्यात बर्झेलियस आणि इतर स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांचा मोठा हात होता. परीक्षेपुरती पाठ होणारी ही कसोटी म्हणजे प्रत्यक्षात तारेच्या एका घरात केलेले मीनाकामच आहे. शिकवताना ते तसे सांगून पाहावे. बर्फ-मिठाच्या मिश्रणात तापमापी धरून ८३० आणि ९२५ ची गोष्ट सांगता येईल, आणि द्विधातू पट्टी वाकवून पानाच्या फुगवट्याची.

दोन सूचना मात्र द्याव्यात. जुन्या मीन्यात शिसे असू शकते, म्हणून तो घासून त्याची भुकटी कोणी करू नये. आणि मीनाकामाचा दागिना मोडला तर तो नेहमीच्या दुरुस्तीला देण्यापूर्वी वर काच आहे हे सांगावे. डाख देण्यासाठी लावलेली ज्योत काचेला एका क्षणात तडकवते. चांदी पुन्हा वितळवून नवी करता येते. तडकलेला मीना मात्र सांधता येत नाही, तो काढून टाकून पहिल्या थरापासून पुन्हा भाजावा लागतो. ज्या हातांनी तो पहिल्यांदा चढवला त्यांच्या कामाचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.